पितळी परातीवरची कंपनी

आमचे खेमराज काकाजी शेअर घेण्याआधी कंपनीचा ताळेबंद बघत नाहीत, कंपनीला फोन लावतात. तोही हेड ऑफिसला नाही, थेट कारखान्याला. तिकडे कुणी फोन उचलला की ते स्पीकर चालू करून फोन पितळेच्या परातीत पालथा ठेवतात, परातीच्या काठावर उजव्या हाताची तीन बोटं टेकवतात, डोळे अर्धवट मिटतात आणि एका दमात म्हणतात, "भाईसाब, दस इंची रोल की जोडी का क्या भाव चल रहा है, माल कितने दिन में मिलेगा, गोंदिया तक का भाडा किसके तरफ रहेगा." मग गप्प. पलीकडचा माणूस काय उत्तर देतो याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. त्यांना त्या माणसाच्या मागे चाललेली मशीन हवी असते.

हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रुमाल तोंडाशी धरून हसलो होतो. मी सडक अर्जुनीच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळे हसू दाबायची सवय आहे, पण त्या दिवशी दबलं नाही. काकाजींनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसा, गुरुजी. कागद झूट बोलते. मशीन नाही बोलत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवरदेवाचा बायोडेटा हातात दिला तरी हेच आणि निवडणुकीचा जाहीरनामा दाखवला तरी हेच.

खेमराज रहांगडाले यांनी सगळी नोकरी गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री म्हणून काढली. धानाचं टरफल निघतं ते रबराच्या दोन रोलांमध्ये. एक रोल जोरात फिरतो, एक हळू, आणि मधल्या फटीतून धान जातं. फट जरा कमी झाली तर तांदळाची कणी होते, जरा जास्त झाली तर धान तसंच बाहेर पडतं. बाकीचे मिस्त्री मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन पाहत. काकाजी नुसते मशीनजवळ उभे राहायचे, आवाज ऐकायचे आणि पान्याचा अर्धा आटा फिरवायचे. मालक आल्या-गेल्याला सांगे, रहांगडाले मिस्त्री के कान में मीटर है.

निवृत्तीनंतर ते कोहमाऱ्याला, चौकापासून चौथ्या घरात राहायला आले. दारातून हायवे जातो. रायपूरकडचे आणि नागपूरकडचे ट्रक त्यांच्या ओसरीसमोर गिअर बदलतात, आणि काकाजी त्याच ओसरीवर बाजेवर दुपारी खुशाल घोरतात. मला याचं फार कौतुक वाटायचं. माणसाची झोप अशी असावी, असं मी बायकोला दोनतीनदा सांगितलंही होतं.

शेअरचा नाद त्यांना मेडिकलवाल्या टेंभरे भाऊंनी लावला. टेंभरे भाऊंनी मोबाईलवर खातं उघडून दिलं आणि चार मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या सुचवल्या. काकाजींनी त्या नाकारल्या. "मोठ्या कंपनीले फोन लावला तं गानं वाजते. मंग एक दबाओ, दोन दबाओ. लहान कंपनीत फोन मशीनच्या बाजूलेच रायते." स्मॉल कॅपमध्येच गुंतवणूक का करावी, याचं इतकं सरळ कारण मी कुठल्याही पैशाच्या मासिकात वाचलेलं नाही.

हळूहळू त्यांच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी एक कमिटी भरू लागली. काकाजी, टेंभरे भाऊ, मी आणि चौकातले ढाबेवाले पांडेजी. पांडेजींच्या ढाब्यावर अख्ख्या हायवेवरचा सगळ्यात चांगला चहा मिळतो, पण रविवारी ते स्वतः इथे येऊन चहा पितात. कमिटीचा एक नियम होता. बाजाराची गोष्ट तोंडी बोलायची नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायची. टेंभरे भाऊंच्या दुकानातली जुनी बिलं पाठकोरी म्हणून यायची आणि त्यावर आम्ही आपापली मतं लिहायचो. कागद खोटं बोलतो म्हणणारा माणूस सगळं कागदावर का मागतो, हे मी एकदा विचारलं. काकाजींनी तेही लिहून द्यायला सांगितलं. पांडेजींच्या चिठ्ठीत ओळीला तीन चुका असत आणि माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जाई.

पण काकाजींचा अंदाज चुकत नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. पंप बनवणारी एक कंपनी त्यांनी परातीवर ऐकली आणि "मालावर आहे, घ्या," म्हणाले, म्हणजे मशीन खरोखर माल काढतेय. आम्ही घेतली, आणि पांडेजींनी ढाब्यावर नवा फ्रीज आणला. सूत काढणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा अहवाल इतका गुळगुळीत होता की मी त्यातलं अध्यक्षांचं निवेदन वर्गात उतारा म्हणून घालणार होतो. काकाजी म्हणाले, "खाली चालून राहिली. आवाज दाखवाले चालू ठेवली आहे." म्हणजे मशीन नुसती रिकामी फिरतेय. वर्षभरात कंपनीला कुलूप लागलं.

अशा वेळी काकीजी उंबऱ्याशी बसलेल्या असायच्या. सुमित्राबाई त्यांचं नाव. त्याही त्याच मिलमध्ये रेजा, म्हणजे मजूर होत्या. बाहेरच्या पटांगणात धान पसरायचं, उलटवायचं, पोती भरायची हे त्यांचं काम. लग्नही मिलमध्येच जमलेलं. आमचा चहा ठेवून त्या सूप घेऊन बसायच्या आणि तांदूळ पाखडायच्या. बोलायच्या क्वचित. फोन लागला की काकाजी डोळे मिटायचे आणि सुपाचा आवाज चालू असायचा. कधी तो मध्येच थांबायचा. आम्हाला वाटायचं, खडा सापडला असेल.

तर अशा या कमिटीसमोर रोलवाली कंपनी आली. रबराचे रोल बनवणारी लहानशी कंपनी, म्हणजे काकाजींच्या माहेरचाच विषय. कंपनीने अहवालात लिहिलं होतं की नवीन शेड उभं केलं, रबर मळायची मोठी मशीन बसवली, ती पूर्ण क्षमतेने चालू आहे आणि यापुढे धंदा वाढतच जाणार. वाढेल का, हाच सगळा प्रश्न होता. पांडेजींनी चिठ्ठीवर लिहिलं की हल्ली टिकाऊ रोल निघालेत, लवकर झिजत नाहीत, मग लोक पुन्हा पुन्हा घेणार कशाला. टेंभरे भाऊंनी लिहिलं की छत्तीसगडात मिला वाढल्यात. काकाजींनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "जवर लोक भात खातीन तवर रोल घासनच. सवाल येवढाच, ते नवी मशीन मालावर आहे का नाही."

मला या कंपनीत जरा जास्तच रस होता. बायकोने गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायला पैसे बाजूला ठेवले होते. ते मी रोलमध्ये घालायचं ठरवून बसलो होतो, फक्त काकाजींच्या "घ्या"ची वाट होती. बायकोने मला पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत दिली. शेड की शेअर, एक काय ते सांगा, म्हणाली.

त्याच हिवाळ्यात काकीजी गेल्या. चार दिवसांचा ताप, गोंदियाचा दवाखाना, आणि पाचव्या दिवशी परत आणलं. मुलगी बालाघाटकडे दिलेली, ती तेरवी करून गेली. काकाजी रडले वगैरे नाहीत. पुढच्या पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला स्वतः बोलावणं पाठवलं. चहा त्यांनीच केला होता. साखर इतकी की चमचा उभा राहावा. पांडेजींनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्या रविवारी फोन लागला. काकाजींनी परातीवर बोटं टेकवली, डोळे मिटले, बराच वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "अजून थोडं आयकू देजा. पुढच्या इतवारी सांगतो."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दिवाळी आली आणि गेली. बायकोला मी होळी सांगितली. होळीही गेली. रोलवाल्याचा भाव आमच्या डोळ्यांदेखत चढत होता, दोनदा तर एका दिवसात चढू देतात तितका चढून वरचं सर्किट लागलं, आणि आमचे मिस्त्री अजून आवाज जुळवत होते. टेंभरे भाऊ काही बोलत नव्हते. पांडेजी चहा पीत होते. चरफडत होतो तो मी एकटा. दीड वर्ष म्हणजे काही थट्टा नाही. इतक्या वेळात अख्खा कारखाना उभा राहतो.

शेवटी एका बुधवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि तडक काकाजींकडे गेलो. आज हो किंवा नाही घेऊनच उठायचं, असा निश्चय होता. चिठ्ठी घरूनच लिहून नेली होती: "आज निकाल हवा." काकाजींनी चिठ्ठी वाचली, मान हलवली, परात पुढे ओढली. भिंतीवर पेन्सिलीने नंबर लिहिलेला होता. तो पाहून त्यांनी फोन लावला आणि पालथा घातला.

परातीतून एका बाईचा गोड, सरकारी आवाज आला. आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही, कृपया नंबर तपासून पाहा. आधी हिंदीत, मग इंग्रजीत.

काकाजींनी त्या बाईला विचारलं, "भाईसाब, दस इंची रोल की जोडी का क्या भाव चल रहा है." भाड्याचंही विचारलं. मग डोळे मिटून, बोटं टेकवून ते ऐकत राहिले. बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की असा नंबर नाही. दोन मिनिटांनी फोन आपोआप बंद झाला. काकाजींनी डोळे उघडले.

"मालावरच वाटून राहिली," ते म्हणाले. "पन अजून एक इतवार जाऊ देजा. इतवारी येजा, गुरुजी. सगळेच येजा."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. ओठ हलवले एवढं खरं. बाहेर आलो तर दारातून एक भरलेला ट्रक हॉर्न वाजवत गेला. मी दचकलो आणि मागे वळून पाहिलं. काकाजींची पापणीही हलली नव्हती.

पहिल्यांदा मला राग आला, हे लपवत नाही. दीड वर्ष आम्ही एका बहिऱ्या माणसाच्या कानावर भरवसा ठेवून बसलो होतो. मोटारसायकल काढली आणि टेंभरे भाऊंच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. ते एका म्हातारीला गोळ्या समजावून सांगत होते. तिला वाटेला लावून म्हणाले, "मले माईत आहे."

काकाजींचे कान सातआठ वर्षांपूर्वीच गेले होते. मिलच्या आवाजाने जातात तसे, हळूहळू. समोरासमोर ओठ पाहून त्यांचं भागत असे, चिठ्ठ्यांचा नियमही त्यासाठीच. टेंभरे भाऊंनीच त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते लावलं की हायवेवरचे सगळे ट्रक डोक्यात शिरतात म्हणून काकाजींनी ते पेटीत ठेवून दिलं.

"मंग पंपवाली कंपनी कोनी आयकली?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"ते मले बी नाही माईत."

"आणि तुम्ही स्वतः? रोलची वाट बघत बसलात?"

टेंभरे भाऊ जरा शरमले. त्यांनी रोल कधीचाच घेऊन टाकला होता, थोडा. पांडेजींनीही घेतला असावा, असा त्यांना संशय होता. "माह्या दुकानात दिवसभर लोक येते, गुरुजी. काकाजीकडं इतवारीच येते," ते म्हणाले आणि गोळ्यांची पाकिटं लावू लागले.

माझा राग तिथेच गेला. उरली ती लाज. दीड वर्ष त्या ओसरीवर जाऊन मला दिसत होता तो फक्त भाव.

रविवारी गेलो तेव्हा चहा झालेला होता, तसाच गोड. एरवी आमच्याकडून चिठ्ठ्या घेणाऱ्या काकाजींनी त्या दिवशी स्वतःच एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं: "बुधवारी फोनवर कोन होतं?"

माझा चेहरा त्यांनी बुधवारीच वाचला असणार. जन्मभर मशीनकडे बघून काय बिघडलंय ते ओळखणाऱ्या माणसापासून माझं तोंड काय लपणार. टेंभरे भाऊ खाली बघत होते. "फोरमन होता" असं लिहावं, असं मनात आलं. पेन टेकवलंही. पण काकाजी माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होते, आणि मला ते लिहिता येईना. मी लिहिलं, "कुणी नव्हतं. नंबर बंद झालाय, असं रेकॉर्डिंग होतं."

त्यांनी ते दोनदा वाचलं. चिठ्ठीची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"हे कागद झूट नाही बोलून राहिला," म्हणाले.

मग रस्त्याकडे पाहत त्यांनी सांगितलं. "कान माहे नव्हते, गुरुजी. तिचे होते. मी मशीनजवळ होतो, माहे गेले. ती भाईर पटांगणात होती, तिचे राहिले. पंचवीस साल तिनं बी तेच मशीन आयकली. मी फोन लावत होतो आन तिच्या हाताकडं पाहत होतो. सूप चाललं तं मालावर. थांबलं तं खाली."

मला ते सूप आठवलं, मध्येच थांबणारं. अर्धवट मिटलेले ते डोळेही आठवले. आम्ही समजत होतो, काकाजी एकाग्र होतात. ते पापण्यांखालून उंबऱ्याकडे बघत होते.

"आमाले सांगितलं काऊन नाही?" टेंभरे भाऊंनी विचारलं, नीट ओठ हलवून.

"मिस्त्रीचे कान गेले, हे कोनाले सांगू?" काकाजी म्हणाले. "आन ती गेल्यावर फैसला कोन करन? फैसला झाला असता तं तुमी कायले याल?"

पांडेजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "काकाजी, हम तो चाय के लिए आते हैं." त्या पाकासारख्या चहासाठी, आणि तेही हायवेवरचा सगळ्यात चांगला चहा करणारे पांडेजी. काकाजींनी हे ओठांवरून वाचलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

त्यानंतर मला जी शिक्षा झाली ती ऐका. काकाजींनी ठरवलं की गुरुजींचे कान शाबूत आहेत, फक्त अडाणी आहेत. शाळा सुटली की ते मला ओळखीच्या एका मिलमध्ये नेऊन उभं करायचे. मिस्त्रीला सांगून मशीनमधलं धान बंद करवायचे, मग पुन्हा सोडायला लावायचे, आणि माझा हात धरून मशीनच्या अंगावर ठेवायचे. "खाली मशीन पातळ बोलते. भरली मशीन जाड बोलते. आयका." चार दिवस माझ्या केसांत कोंडा आणि कानात भणभण होती. बायकोने विचारलं, शेअरबाजारात इतकी धूळ असते का. पाचव्या दिवशी मला फरक कळला. खरंच कळला. भरलेली मशीन दबून, पोटातून बोलते, आणि खाली मशीन नुसती कलकलते. काकाजींनी सहा वेळा परीक्षा घेतली आणि सहाही वेळा मी पास झालो. बी.एड.ला मला इतका आनंद झाला नव्हता.

रविवारी रोलवाल्याचा नवा नंबर मी अहवालाच्या शेवटच्या पानावरून शोधून नेला. परात आली. मी नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलो तर काकाजींनी हात आडवा केला.

"तिथं नाही. तिच्या जागी बस. तिथून नीट आयकू येते."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. मी उंबऱ्याशी बसलो. त्यांनी आत जाऊन खुंटीवरचं सूप काढलं, दुपट्ट्याने पुसलं, त्यात दोन मुठी तांदूळ टाकले आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

फोन लागला. पलीकडे खरा माणूस होता. दहा इंची रोल, भाव, दिवस, भाडं, सगळं एका दमात झालं आणि काकाजी गप्प झाले. पलीकडचा बिचारा भाव सांगू लागला. त्याच्यामागे काहीतरी चालू होतं. मी मान खाली घातली. भाव, सर्किट, शेड, बायको, सगळं बाजूला राहिलं. मला एवढंच कळत होतं की समोर डोळे अर्धवट मिटलेले आहेत आणि ते माझ्या हातांकडे बघताहेत.

आवाज दबलेला होता, पोटातला. जाड.

मी सूप हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा पाखडत होतो, निम्मे तांदूळ खाली सांडले. तरी हलवत राहिलो.

"मालावर आहे," काकाजी म्हणाले. "घ्या."

दीड वर्षाने तो शब्द आला, आणि कुणीही मोबाईल काढला नाही. मी रोल नंतर घेतला, थोडा, आणि उरलेल्या पैशांत शेडही झालं, निम्म्या गच्चीवर. पण ते पुढचं. त्या वेळी काकाजी उठून माझ्याजवळ आले आणि उकिडवे बसून सांडलेला एकेक दाणा वेचू लागले. मीही वेचू लागलो.

"ती एक दाना नाही सांडत होती," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "आता फैसला तं झाला. पुढच्या इतवारी येशील का गा?"

माझ्याकडे ते बघत नव्हते, म्हणजे मी काही बोललो तरी त्यांना कळणार नव्हतं. मी खिशातून पाठकोरं बिल काढलं, "येतो" असं लिहिलं, खाली सही केली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि मागच्या रविवारच्या चिठ्ठीशेजारी खिशात ठेवलं.